तीन चाकांची वहिवाट

कारखान्यात तयार झालेले वाहन विकत घेणारा मनुष्य त्या वाहनाबरोबर आणखीही पुष्कळ काही विकत घेत असतो, याची जाणीव त्याला क्वचितच असते. त्याला सूचनापुस्तिका मिळते, सुट्या भागांचे क्रमांक मिळतात, कोणता बोल्ट किती आवळावा आणि कोणते बेअरिंग किती अंतर चालल्यावर बदलावे याविषयी दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेले निर्णय मिळतात, आणि एवढ्याउपर काही बिघडलेच तर ज्याच्यापुढे कैफियत मांडावी असे एक दारही मिळते. तीन दशकांहून अधिक काळ ज्या तीनचाकी मोटारगाडीची वहिवाट मी नाशकात करीत आलो आहे, तिच्याबरोबर यांपैकी काहीच आले नव्हते, कारण ती कोठून आलीच नव्हती. ती माझ्या अंगणात बांधली गेली, आणि तिच्यासंबंधी जो काही निर्णय व्हायचा तो त्या दिवसापासून आजतागायत माझा मलाच करावा लागला. मालकी म्हणजे काय हे मला जेवढे कळले, तेवढे या एका वस्तुस्थितीतून कळत गेले.

माझा डावा पाय बालपणीच्या पोलिओने अधू झालेला आहे. कॅलिपर बांधून मी उभा राहू शकतो, थोडेफार चालू शकतो, आणि येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर शाखेचा शिल्पनिदेशक म्हणून व्हाइससमोर मुलांबरोबर उभे राहून कानस चालवण्याचे काम मी निवृत्तीपर्यंत केले. अडचण कामाची कधीच नव्हती. ती कामावर पोहोचण्याची होती. घर पंचवटीत आणि संस्था सातपूरला. मध्ये गोदावरी, होळकर पूल, रविवार कारंजा, त्र्यंबक नाका, आणि त्यापुढे औद्योगिक वसाहतीच्या पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांनी भरून वाहणारा त्र्यंबक रस्ता. शहर बसची पायरी चढण्यासाठी मला जो अवधी लागे तो त्या गर्दीच्या वेळी कोणाजवळच नसे, आणि दररोज कोणा ना कोणा सहकाऱ्याच्या स्कूटरमागे बसून जाताना, त्याच्या सौजन्याविषयी पूर्ण कृतज्ञता असूनही, आपला दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो ही खंत मनातून जात नसे.

त्या काळी अपंगांसाठी स्कूटरला दोन्ही बाजूंनी जादा चाके लावून देण्याची पद्धत रूढ झालेली होती, आणि आजही ती रूढ आहे. पुष्कळांचे आयुष्य त्या दोन चाकांनी उभे केले आहे, म्हणून त्यांना उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु फिटरच्या नजरेने पाहता त्या रचनेत एक मूलभूत दोष दिसतो. मधले मूळचे चाक हेच इंजिनाला जोडलेले असते आणि बाजूची दोन चाके केवळ आधाराची; रस्ता मध्येच खोलगट लागला, की गाडीचा भार आधाराच्या चाकांवर जातो आणि जोर देणारे चाक जमिनीवरून जवळजवळ सुटून जागच्या जागी फिरत राहते. उतरून ढकलू शकणाऱ्याला ही अडचण किरकोळ वाटेल. ज्याला उतरून ढकलता येत नाही त्याच्या बाबतीत गाडी तेथेच थांबते, मग ती भर चौकात का असेना.

म्हणून मी रिक्षाकडे वळलो. बजाज ऑटोने १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा बाजारात आणली होती, आणि १९९० च्या सुमारास त्या रिक्षांचे निकामी झालेले सांगाडे, इंजिने, कण्याचे भाग नाशकात सहज मिळू लागले होते. वास्तविक ती रिक्षा कोणाही अपंगाला डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली नव्हती. तरी तिच्या अंगी असे गुण होते, की जणू आमच्यापैकीच एखाद्याने तिचा आराखडा तपासून दिला असावा. इंजिन चालू करण्यास लाथ मारावी लागत नाही. चालकाच्या डाव्या हाताशी असलेला दांडा वर ओढला की काम होते. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, म्हणजे डाव्या पायाला काहीच काम नाही. ब्रेक उजव्या पायाचा, आणि उजवा पाय माझा भक्कम आहे. तिन्ही चाके एकाच मापाची, चार गुणिले आठची, त्यामुळे एकच स्टेपनी कोठेही चालते. शिवाय चाकाची डिस्क दोन अर्धांची असल्याने नट सोडले की टायर वेगळा होतो, पंक्चर काढणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. आणि या सर्वांवर कळस म्हणजे उलटा गिअर. तिवंध्याच्या चढावर किंवा भद्रकालीकडे उतरणाऱ्या एखाद्या अरुंद बोळात समोरून हातगाडी आली असता मागे सरता येणे ही माझ्या दृष्टीने सोय नव्हे, अब्रूची गोष्ट आहे, कारण दुचाकीवाला पाय टेकून जे सहज करतो ते माझ्यासाठी दुसऱ्या कोणालातरी उतरून करावे लागले असते.

बांधणीचे काम १९९१ च्या पावसाळ्यानंतर सुरू झाले. सातपूरच्या एका कारखान्यातील माझे एक टर्नर स्नेही रविवारी येत; लेथचे काम ते आपल्या ओळखीच्या ठिकाणी करून आणीत आणि जुळणीचे काम आम्ही अंगणात करीत असू. फरशीवर खडूने पूर्ण मापाचा आराखडा काढला, कर्ण मोजून तो काटकोनात आणला, आणि चौकोनी पोलादी नळीचे तुकडे त्या रेषांवर ठेवून प्रथम केवळ टाके मारले, मग पुन्हा कर्ण मोजले, आणि मगच वेल्डिंग पुरे केले. वेल्डिंगच्या उष्णतेने धातू ओढला जातो. एका बाजूचा सांधा सलग भरीत गेले तर सांगाडा त्या बाजूला वाकतो, म्हणून डावीकडे थोडे, मग उजवीकडे थोडे, असे आलटूनपालटून भरावे लागते.

त्या काळात सर्वांत अधिक विचार झाला तो रुंदीविषयी. दुचाकी वळणावर आत झुकते आणि त्या झुकण्याने आपला तोल स्वतः सावरते. तीनचाकीला झुकता येत नाही, ती वळणावर बाहेर लवंडू पाहते. तिन्ही चाके जमिनीला जेथे टेकतात ते बिंदू जोडले तर जो त्रिकोण होतो, त्याच्या आत भाराची रेषा राहिली पाहिजे, आणि पुढे एकच चाक असल्यामुळे तो त्रिकोण नेमका पुढच्या बाजूलाच निमुळता असतो. म्हणूनच वळताना ब्रेक लावणे हे या वाहनाचे सर्वांत वाईट आचरण होय, कारण भार बाहेरही जातो आणि पुढेही जातो. आमच्या वाड्याचा दरवाजा रिक्षाच्या रुंदीला पुरेसा नव्हता. चाके आत घेऊन गाडी अरुंद करावी असा एक सल्ला मिळाला होता. मी तो नाकारला, दगडी चौकट काढून दरवाजा रुंद केला, आणि घरातील वडीलधाऱ्यांची नाराजी पत्करली. बसण्याची जागा ठेंगणी ठेवली. बॅटरी आणि स्टेपनी पुढे, पाय ठेवण्याच्या पत्र्याखाली घातली, कारण इंजिन मागे असल्याने चढावर पुढचे चाक हलके पडते आणि हँडल हाताला पोकळ लागते. चालवणाऱ्याला स्वतः शरीर आत झुकवावे लागते हे मात्र कोणताही आराखडा टाळू शकत नाही. ती सवय खांद्यांना आणि कमरेलाच लावून घ्यावी लागते.

नोंदणीचा प्रकार येथे थोडक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगाच्या वाहनाची जी व्याख्या होती, तीत ते वाहन केवळ फेरबदल केलेले नसून खास त्याच्यासाठी आराखडा करून बांधलेले असावे अशी अट होती. बाजूला चाके लावलेल्या स्कूटरवाल्यांना ही अट अडचणीची होती. २०१९ च्या दुरुस्तीने फेरबदल केलेल्या वाहनालाही कायद्यात रीतसर स्थान दिले, हे मला योग्यच वाटते. माझे वाहन मात्र पहिल्यापासून खास बांधलेलेच होते. अर्ज, वैद्यकीय दाखला, भागांच्या खरेदीच्या पावत्या आणि खडूच्या आराखड्यावरून काढलेले नकाशे अशी कागदपत्रे दप्तरी दाखल केली; निरीक्षकांनी वजन घेतले, ब्रेक पाहिले, वळवून पाहिले, सांध्यांवरून बोट फिरवले, आणि मला दोन-तीन प्रश्न असे विचारले की ज्यांवरून त्यांना धातूचे ज्ञान आहे हे कळले. मंजुरीला मुदत लागली खरी, पण तपासणी करणारा मनुष्य जाणता असला की विलंबाचे दुःख होत नाही.

तीन चाकांवर चालणे हा काही आमचा नवा शोध नव्हता. सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील नुरेंबर्गनजीक श्टेफान फार्फ्लर नावाचा एक घड्याळजी होता. त्याचे पाय निकामी होते, आणि त्याने स्वतःसाठी हाताने फिरवायची तीनचाकी गाडी घडवली होती. ज्याला गरज त्यानेच घडवली, अशा वाहनांच्या परंपरेत तिचे स्थान फार वरचे आहे. कार्ल बेन्झ याने १८८६ मध्ये ज्या मोटारीचे पेटंट घेतले तीही तीनचाकीच होती, कारण पुढची दोन चाके एकाच वेळी समाधानकारकपणे वळवण्याची युक्ती त्याला तोवर साधली नव्हती. परंतु मला बेन्झपेक्षा त्याच्या पत्नीविषयी अधिक आदर वाटतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीतून गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीला लावायच्या लांब पिनेने ती मोकळी केली, उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चर्मकाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले, आणि औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले. शोध लावणाऱ्याने वाहन निर्माण केले हे खरे. पण ते वाहन रस्त्यावर कसे जगवावे हे प्रथम तिने दाखवले, आणि स्वतः बांधलेल्या वाहनाच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकाच मनुष्याच्या वाट्याला येतात.

गाडी रस्त्यावर आली त्याच आठवड्यात मी एक वही घातली. संस्थेत मुलांना यंत्रांच्या नोंदी ठेवायला शिकवीत असू, त्याच धर्तीवर तीत तारीख, लक्षण, कारण आणि उपाय असे रकाने आखले, आणि एक नियम स्वतःवर घालून घेतला, की कारणाचा रकाना तर्काने भरायचा नाही. उपायाने दोष गेला म्हणजे कारण कळलेच असे नव्हे. पुष्कळदा दोन-तीन गोष्टी एकदम केल्या जातात आणि त्यांतील कोणती फळली हे अंधारातच राहते. कारखान्याच्या वाहनाचा मालक ही बेफिकिरी परवडवून घेऊ शकतो, कारण तशाच हजारो वाहनांचा अनुभव कोणाच्या तरी दप्तरी साठत असतो. माझ्या वाहनासारखे दुसरे वाहन पृथ्वीवर नाही. त्याचा इतिहास माझ्या वहीत नसेल तर तो कोठेच नाही.

त्या वहीतील बहुतेक पाने केबलींनी व्यापलेली आहेत. क्लचची, गिअरच्या दोन, ब्रेकची, अॅक्सिलरेटरची. मूळ रिक्षाची लांबी माझ्या सांगाड्याला जमत नसल्यामुळे बाजारातील तयार केबल कधीच नीट बसत नाही, म्हणून मी त्या घरीच करतो. आतली तार मापाने तोडायची, पण तोडण्यापूर्वी त्या जागी कथलाचा एक थेंब द्यायचा, नाहीतर पीळ उकलून तार पिंजारते. पितळेच्या निपलमधून तिचे टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर काढून त्याचे तंतू फुलासारखे उमलवायचे, फ्लक्स लावायचा, आणि वितळलेल्या कथिल-शिशाच्या मिश्रणात निपल बुडवून तंतूंच्या मधल्या फटींत ते पाझरू द्यायचे. रंग चंदेरी आणि ओलसर दिसला की ते आत शिरले असे समजावे. राखी, दाणेदार दिसले तर तापमान कमी पडले, पुन्हा करावे. मग कानशीने माथा गोल करायचा. हे एवढे काम नीट झाले तर केबल तुटते ती झिजून, अनेक दिवस आधी पूर्वसूचना देत, एकेक तंतू सोडीत. नीट झाले नाही तर ती निपलमधून एकाएकी निसटते, आणि तीही हटकून क्लच दाबलेला असताना.

दुसरे काम वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, करायचे: सांध्यांची परीक्षा. मागच्या चाकांचे आर्म सांगाड्याला जेथे जोडले आहेत ते सांधे तारेच्या ब्रशने लख्ख करून त्यांवर रॉकेल फिरवतो आणि घटकाभर तसेच राहू देतो. मग कापडाने पूर्ण कोरडे करून खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा पातळ हात देतो. पांढरा लेप वाळत जातो, आणि धातूत कोठे डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर तीत मुरलेले रॉकेल त्या लेपात परत वर येऊन केसासारखी काळसर रेघ उमटवते. एका वर्षी डाव्या आर्मच्या पट्टीशेजारी अशी रेघ उमटली. ती डावीकडेच का यावी हा प्रश्न महत्त्वाचा होता. आपला रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या चाकावर नेहमीच थोडा अधिक भार राहतो. शिवाय कडेचे खड्डेही त्याच चाकाच्या वाट्याला येतात, कारण तीनचाकीला तीन वाटा लागतात आणि दुचाकीवाल्याप्रमाणे खड्डा चुकवून जाणे तिला जमत नाही. चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले, म्हणजे तिची पुढची वाटचाल थांबते. मग चीर खोबणीसारखी घासून वेल्डने भरली आणि वरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी बसवली. चौकोनी पट्टी घालू नये. तिची कड नळीला आडवी छेदते आणि नेमकी तेथेच नवी चीर सुरू होते; तिरप्या कडेवर ताण पसरून जातो. पुढे उजव्या बाजूलाही तशीच पट्टी, तेथे काही झालेले नसताना, लावून घेतली.

इंजिनाविषयी लिहायचे तर दोन-स्ट्रोक इंजिनाची एक गोष्ट घाटात चालवणाऱ्या प्रत्येकाने जाणली पाहिजे. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढताना ते भरपूर पेट्रोल पिते, म्हणून तापले तरी त्याला तेल कमी पडत नाही. खरा धोका उतरताना असतो. चालक गिअर टाकून, अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून, इंजिनाच्या अडवणुकीवर गाडी उतरवतो. पिस्टन वेगाने खालीवर होत असतो आणि तेल मात्र जवळजवळ थांबलेले असते. म्हणून दर वळणानंतर क्षणभर अॅक्सिलरेटर उघडून इंजिनाला एक घोट द्यावा. त्या घाटात, वरून उतरून येऊन पायथ्याशी इंजिन जाम झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे चालक चढावाला दोष देत होते.

पावसाळ्याचा विषय पंचवटीत राहणाऱ्याला टाळता येत नाही. गोदावरीचा पूर किती हे आमच्याकडे दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात, आणि पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले की काठच्या वस्तीने सामान हलवायचे हे ठरलेलेच असते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांत गाडी वेळीच उंचावर नेऊन ठेवली होती. तरी साठलेल्या पाण्यातून जाणे दर वर्षीच घडते. त्यात वरून न दिसणारा एक प्रकार होतो. चालून तापलेली गिअरची पेटी एकदम गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि श्वासछिद्रातून पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच कळत नाही, पण पुढच्या वेळी तेल काढले तर ते दुधाळ निघते. मी त्या छिद्राला रबरी नळी जोडून तिचे टोक आसनाखाली उंच नेले, आणि तेव्हापासून तेल स्वच्छ निघते. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच लावून थोडे अंतर चालवावे, म्हणजे ड्रम तापून वाळतात. ही तजवीज न करता पुढच्या चौकात भरवशाने ब्रेक दाबणे धाडसाचे ठरते.

अलीकडे इंधनही बदलले. पंपावरील पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही, नळ्या प्रथम फुगतात आणि मग तडकतात, आणि गाडी पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतील ओल शोषून कार्ब्युरेटरच्या तळाशी थर धरते. नळ्या आणि वायसर मी नव्या जातीच्या रबराचे घातले, मुख्य जेट एक पायरी मोठा केला, आणि प्लगच्या टोकाचा रंग, जो पांढुरका होऊ लागला होता, तो पुन्हा योग्य तपकिरी झाला. उभ्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईतो इंजिन चालवावे, हा नियमही घरात लावून दिला आहे.

सुट्या भागांची गोष्ट अधिक अवघड होत चालली आहे. अंबड लिंक रोडवर भंगाराचा मोठा बाजार वाढला होता, आणि त्यात गिअरचे एखादे दातेरी चक्र, एखादा ड्रम, कधी संपूर्ण पेटी मिळून जात असे; २०१७ च्या जानेवारीत तो बाजार उठला. त्यानंतर मी बुश स्वतः करवून घेऊ लागलो. फॉस्फर ब्राँझचा दांडा आणायचा, लेथवर बाहेरचे माप दाबून बसेल असे ठेवायचे आणि आतले बसवल्यानंतर रीमरने पुरे करायचे, कारण दाबून बसवताना भोक थोडे आकसते. वस्तुतः असे केलेले बुश मूळच्यापेक्षा अधिक टिकले.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांतून मुलासाठी किकने सुरू होणारी छोटी जीप बांधली, आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, ही हकीकत २०२२ च्या आरंभी सर्व वृत्तपत्रांत आली होती. मला त्या वेळी मनापासून आनंद झाला, कारण लोहारकाम करणाऱ्या मनुष्याच्या बुद्धीची सार्वजनिक दखल आपल्याकडे फार क्वचित घेतली जाते. परंतु जे काही छापून आले ते सर्व बांधणीविषयी होते. ती जीप गावात चालत असताना तिचे काय काय झिजले, ते त्यांनी कशाने भागवले, हे कोणी विचारले असते तर मी ते वर्णन जपून ठेवले असते. आपल्याकडे कल्पकतेचे कौतुक होते आणि देखभालीकडे दुर्लक्ष होते. आणि घडवलेली वस्तू दहाव्या वर्षी, विसाव्या वर्षी चालते ती मात्र केवळ देखभालीमुळे, हे आपण मुलांना शिकवीत नाही.

या वर्षीच्या उन्हाळ्यात निफाडकडील एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर माझ्याकडे आली. तिचे दोन्ही पाय अधू आहेत. नाशकात लेखापालाचे काम शिकायला यायचे आहे, आणि कोणाच्या आधाराने यायचे नाही. गाडी विकत द्याल का, असे वडिलांनी विचारले. ही गाडी उजव्या पायाच्या भरवशावर बांधलेली आहे, तिला ती उपयोगाची नाही, हे मी त्यांना दाखवून दिले, आणि वही मात्र तिच्या हाती दिली. पंधरवड्याने ती परत आली ती प्रश्नांची यादी घेऊन.

त्यांतला एक प्रश्न असा. काही वर्षांपूर्वी ठरावीक वेगाला हँडल थरथरू लागे. मी बेअरिंगचे कप बदलले, फोर्क सरळ करून घेतला, चाकांची रेषा दोरी धरून तपासली, तरी गेले नाही, आणि पुढे ते आपोआप थांबले. कारणाचा रकाना रिकामा आहे. "काका, त्याच आठवड्यात तुम्ही पुढचा टायर बदललाय, पण तो दुसऱ्या पानावर लिहिलाय, पंक्चरच्या नोंदीत," ती म्हणाली. मी दोन्ही पानांची रुजवात घेतली. तारखा लागून होत्या. जुना टायर रिमोल्ड केलेला होता. तरी रकाना अजून मी भरलेला नाही. तशाच जातीचा टायर मिळवून पुढे बसवू आणि थरथर परत येते का पाहू, असे आम्ही ठरवले आहे.

तिची गाडी विजेवर चालेल. ई-रिक्षाचा मागचा कणा मोटार आणि डिफरन्शियलसह तयार मिळतो, उलटे जाणे बटणावर होते, आणि बॅटरीचे जड वजन अगदी तळाशी, त्रिकोणाच्या ऐन मध्यावर ठेवता येते, हा मला न मिळालेला फायदा तिला मिळेल. ब्रेक मात्र सगळे हातांनीच लागले पाहिजेत. एकाच दांड्याने मागची दोन्ही चाके धरायची, आणि एक आधी धरून दुसरे मागाहून धरले तर गाडी त्या बाजूला फिरते. म्हणून दांड्याची ओढ मधोमध टांगलेल्या एका आडव्या पट्टीला देऊन तिच्या दोन टोकांपासून दोन केबली नेण्याची योजना आहे, म्हणजे एक केबल लांबली तरी पट्टी तिरपी होऊन ओढ दोहोंकडे सारखीच जाते. पट्टी किती तिरपी होऊ द्यायची आणि कोठे अडवायची, जेणेकरून एक केबल अजिबात तुटली तरी दुसरी काम करील, यावर सध्या आमचा वाद चालू आहे. तिचे म्हणणे अडवणूक जवळ असावी, माझे म्हणणे थोडी दूर. टर्नर स्नेह्यांनी पोलादाची पट्टी आणून ठेवली आहे, आणि येत्या रविवारी दोन्ही मापांना बोल्ट घालून पाहायचे आहे.